नसलेल्या तळ्याची विचारणा

आमच्या घरात मुलींना विचारायची पद्धत होती, हे मी आजही ठसक्यात सांगते. माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, मला मुद्दाम स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून विचारलं होतं. तोवर सुपारी फुटली होती, पाहुणे हात धुऊन पानांवर बसले होते आणि आई वाढायचं पहिलं पातेलं घेऊन उंबऱ्यात उभी होती. "तुले पसंत हाये ना माय?" नानांनी विचारलं. मी हो म्हणाले. नाही म्हणाले असते तर काय झालं असतं ते कोणालाच माहीत नाही, कारण तशी तरतूदच नव्हती. नवरा चांगला निघाला, पण तो कायद्याचा मुद्दा नाही.

पुढे धुळ्याच्या एका लॉ कॉलेजात शिकवायला लागल्यावर, विचारणं आणि संमती घेणं यांतला फरक समजावून सांगताना मला हे एवढं उदाहरण पुरायचं. मुलं हसायची. मुली हसायच्या नाहीत, त्यांना तो मुद्दा आधीच आलेला असायचा.

माहेर यावलकडच्या केळीपट्ट्यातलं, सासर जळगावचं आणि नोकरी धुळ्याची. त्यामुळे माझ्या आयुष्याचा बराच भाग एरंडोल आणि पारोळ्याच्या स्टँडवर गेला. आठवडाभर धुळ्यात खोली करून राहायचं आणि शनिवारी एसटीने जळगावला जायचं. गाडीत मी पेपर तपासायची. मार्क खड्ड्यांवर अवलंबून असतात अशी एक अफवा वर्गात होती, ती मी कधी खोडून काढली नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आदिवासी भागांसाठी दिल्लीत नवा कायदा झाला होता. त्यात एक वाक्य असं होतं की अशा भागात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी तिथल्या ग्रामसभेशी सल्लामसलत करावी. कशी करावी ते त्यात नव्हतं. ते नियमांत येणार होतं, नियम राज्याने करायचे होते, आणि राज्य करणारच होतं.

आमचे प्राचार्य निवृत्त न्यायाधीश होते. अभ्यासक्रमात काही नवं आलं की ते टेबलाभोवती नजर फिरवायचे आणि ती माझ्यावर येऊन थांबायची. "मॅडम, तुम्हाला विचारूनच ठरवतोय," ते म्हणाले, "सल्लामसलत हा विषय तुम्ही घेताय." मी मान हलवली. नानांच्या घरात वाढल्याचा असा फायदा होतो.

वर्ग सकाळी सातला भरायचा, कारण निम्मी मुलं नंतर कामावर जायची. डाळमिलवाल्यांची दोन मुलं होती. त्यांना वकिली करायची नव्हती, लग्नपत्रिकेवर नावापुढे काहीतरी हवं होतं. भुसावळचा एक रेल्वेतला तिकीट तपासनीस होता. पाटबंधारे खात्यातला एक कारकून होता. एक हवालदार होता, तो रात्रपाळी करून यायचा आणि शेवटच्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपायचा. दोन मुली होत्या, घरच्यांच्या मते लग्न ठरेपर्यंत. आणि शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या एका गावातून आलेला एक पावरा आदिवासी मुलगा होता. तो आदिवासी वसतिगृहात राहायचा, शर्टाला कडक इस्त्री करायचा आणि काळा गॉगल लावायचा. वर्गातसुद्धा. मी काढ म्हणाले की काढायचा, पाठ फिरवली की पुन्हा लावायचा.

लॉ कॉलेजांत खोटे खटले चालवायची पद्धत असते, म्हणजे मुलांचा हात बसतो. मी म्हटलं, तशी आपण खोटी सल्लामसलत करू. एका गावात तळं होणार आहे, त्यासाठी जमीन जाणार आहे, कलेक्टर गावाला विचारायला आलेत. भूमिका वाटायला घेतल्या. सगळ्यांनी एकमताने गॉगलवाल्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, हा गावकरी.

"मॅडम," तो म्हणाला, "गावकरी मी रोजच असतो. मला कलेक्टर करा."

केलं. डाळमिलवाल्यांनी लगेच डोक्याला टॉवेल गुंडाळले आणि 'मायबाप सरकार' असं काहीतरी पाठ करायला घेतलं. हवालदाराला पोलीस पाटील केलं, त्याला त्यासाठी वेगळं काही करावं लागणार नव्हतं. कलेक्टर म्हणाले, मी बाहेरून येतो, आणि वर्गाबाहेर गेले. आम्ही वाट बघत बसलो. बराच वेळ झाला. शेवटी मी कारकुनाला बघायला पाठवलं, तर कलेक्टर कॅन्टीनमध्ये चहा पीत होते. त्यांनी कारकुनाला विचारलं, "लोक जमले का?" जमले म्हटल्यावर त्यांनी आणखी एक चहा मागवला.

मग ते आले. बसले नाहीत. पाणी मागितलं आणि प्यायले नाहीत. हवालदाराला विचारलं, "हे कोणतं गाव?" घड्याळ बघितलं. "इथं तळं होणार आहे. तुमच्या भल्याचं आहे. कोणाला काही म्हणायचंय? नाही? छान." आणि गेले. डाळमिलवाल्यांचं 'मायबाप' अजून घशातच होतं.

वर्ग हसून लोळला. मीही हसले, पण मला ते हसू मधेच सोडावं लागलं. "इतकं हुबेहूब कुठून जमलं तुला?" मी विचारलं.

"मॅडम, साहेब बघत बघतच मोठा झालो."

मग कळलं ते असं. त्याच्या गावाच्या नाल्यात, तो शाळेत असतानाच, खात्याने मोजणी करून एक दगड रोवला होता. तिथे तळं व्हायचं होतं. नाल्याच्या काठची जमीन, त्यात त्याच्या वडिलांचं शेतही आलं, पाण्याखाली जाणार होती. वर डोंगरउतारावर पावसाळी पीक येतं तेवढंच. थंडीत हरभरा निघतो तो या काठच्या तुकड्यांवर. तळं कधी होणार ते कोणी सांगत नव्हतं, होणार नाही असंही कोणी सांगत नव्हतं. दगडावर मात्र दर पावसाळ्यानंतर कोणीतरी नवा चुना लावून जायचं. पाटबंधारेवाल्या कारकुनाने मान हलवून दुजोरा दिला, तो दगड त्याच्या खात्याचा होता.

मी म्हटलं, हा खेळ वर्गात करण्यात अर्थ नाही, खऱ्या गावात जाऊन करायला हवा. कलेक्टरांनी, त्या दिवसापासून आम्ही त्याला कलेक्टरच म्हणायला लागलो होतो, जांभई दिली. "मग आमच्याच गावाला चला," तो म्हणाला. "मी कळवून ठेवतो. हा अभ्यास आहे, खरं तळं नाही, हेही सांगतो." आणि त्याने गॉगल लावला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

ऐन थंडीत गेलो. शिरपूरपर्यंत एसटी आणि तिथून वर एका खटारा जीपमध्ये, एकमेकांच्या मांडीवर बसून. डबे भरीत-भाकरीचे आणि शेवेचे. आमच्याजवळ फक्कीचं एक पोतंही होतं, म्हणजे व्हॉलीबॉलच्या मैदानावर रेघा मारायची पांढरी पूड. कारकून म्हणाला होता, पाणी कुठपर्यंत येईल त्याची रेघच मारून दाखवू, नकाशा कोण वाचतो. खात्यात इतकी वर्षं काढल्यावर त्याला हे एक वाक्य बरोबर सुचलं होतं.

त्याने दगडापासून सुरुवात करून काठाकाठाने, शेताशेतांतून रेघ मारली. हिरव्यागार हरभऱ्यातून ती पांढरी रेघ निघाली तेव्हा बरोबर आलेली गावातली माणसं बोलायची थांबली. कलेक्टरांचे वडील रेघेच्या आत उभे होते. त्यांनी पायाखाली बघितलं, एक पाऊल मागे जाऊन रेघेबाहेर उभे राहिले, आणि पुन्हा आत आले. मला ते बघवलं नाही. मी कारकुनाला उगाच फक्की जपून वापरायला सांगितलं.

मग कारभाऱ्याच्या दारात बैठक भरली. कारभारी म्हणजे गावाचा वडीलधारा माणूस, सगळे त्याला आबा म्हणत. माझ्यासाठी एक खाट टाकलेली होती, तिच्यावर मी बसले. माणसं जमिनीवर बसली. आणि आमचे कलेक्टर, स्वतःच्या गावात, स्वतःच्या बापासमोर, गॉगल लावून उभे राहिले आणि घड्याळ बघायला लागले.

माझं डोकं फिरलं. वर्गात ठीक होतं, पण इथे हे काय? "आधी खाली बस!" मी ओरडले. "विचारायला आलाय ना? विचारणारा असा उभा राहून विचारत नाही, खाली बसून विचारतो!" तो टपकन मातीत बसला. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. मग मलाच खाटेवर अवघडल्यासारखं व्हायला लागलं आणि मीही उतरले. मॅडम खाली आल्या म्हटल्यावर डाळमिलवाले पांढऱ्या पँटींसकट खाली आले.

कलेक्टरांनी विषय सांगितला. पुरुष बोलायला लागले. मागे बायका बसल्या होत्या, त्यांच्याकडे कोणी बघतही नव्हतं. मी म्हटलं, आधी बायकांना विचारा. पुरुष थांबले. बायका गप्प. कोंबड्या फिरत होत्या. कोणीतरी खाकरून पुन्हा सुरू करायला गेलं की मी हात वर करायची, "आधी बायका." तिकीट तपासनीस घड्याळ बघत होता, त्याला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या आणि तो त्या मला हळू आवाजात सांगत होता. मी हलले नाही. माझा स्वभाव मुळात हट्टी आहे, आणि त्या दिवशी मला पानांवर बसलेले ते जुने पाहुणे आठवत होते.

शेवटी एक म्हातारी बोलली. कलेक्टरांनी भाषांतर केलं. तिला विचारायचं होतं, ती पांढरी रेघ तिच्या चुलीच्या अलीकडून जाते की पलीकडून? सगळी बैठक उठून बघायला गेली. रेघ चुलीच्या बरीच खालून गेली होती. म्हातारीचं सगळं शेत वर, कोरड्या उतारावर होतं. तिने रेघेकडे बघितलं, वर स्वतःच्या शेताकडे बघितलं, आणि काही न बोलता येऊन बसली. मग मात्र बायका बोलायला लागल्या आणि आवरेनात.

दिवस कलायला लागल्यावर मी आबांना विचारलं, मग काय ठरलं गावाचं? पावरी बोली सोडून ते आमच्यासाठी खानदेशीत बोलले. "बठ्ठा लोके आठे नही शेतस. निम्मं गाव ऊस तोडाले गुजरातमा जायेल शे. त्यासले न इचारता आम्ही कसं सांगसूत? व्हळीनंतर या."

"होळीनंतर येऊ," आम्ही एका सुरात म्हणालो, आणि जीपकडे पळालो. निघताना येऊ म्हणायचं असतं. आख्ख्या खानदेशात ते कोणी मनावर घेत नाही.

मुलांनी अहवाल लिहिले. बहुतेकांनी 'ग्रामस्थांनी उत्तम सहकार्य केले' असं लिहिलं होतं. एका डाळमिलवाल्याने डोंगरातल्या सूर्यास्ताचं वर्णन केलं होतं, आम्ही सूर्यास्तापूर्वी निघालो होतो तरी. मी मार्क दिले आणि विषय संपला.

होळी होऊन गेली. परीक्षा जवळ आली होती आणि मी सातच्या वर्गात घाईघाईने अभ्यासक्रम उरकत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, तुमचे पक्षकार आलेत."

माझे पक्षकार नव्हते. बाहेर जाऊन बघते तर आवारातल्या नळापाशी आबा, कलेक्टरांचे वडील, आणखी काही माणसं आणि ती म्हातारी बसलेली. आदल्या दिवशीच निघाली होती, रात्र शिरपूरच्या स्टँडवर काढली होती. प्राचार्यांनी त्यांना आधी मोफत कायदा सल्ल्याच्या खोलीत बसवलं होतं आणि खटला कोणता म्हणून विचारलं होतं. आबा म्हणाले होते, "खटला नही. जबाब शे."

मी कलेक्टरांकडे बघितलं. तो गॉगल पुसत होता.

त्यांना वर्गात आणलं. बाकांवर बसा म्हटलं तर बसले नाहीत, फरशीवर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. कोणी बोलेना. मी खुर्चीवर होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं आणि मी उठून फरशीवर बसले. मग मुलं बसली. हवालदारही जागा होऊन बसला. तेव्हा कुठे आबांनी तोंड उघडलं. पण तेही लगेच थांबले आणि त्यांनी म्हातारीकडे बघितलं. आधी बायका.

म्हातारी या वेळी आमच्यासाठी खानदेशीत म्हणाली, "माले पानी जोयजे. तळं व्हऊ द्या." तिला वरच्या कोरड्या शेतासाठी पाणी हवं होतं. बाकी सगळं गाव तिच्या विरुद्ध होतं. मग आबा म्हणाले, बठ्ठा लोके, म्हणजे सगळे, परत आले, बसले, ठरलं. तळं नको. काठची जमीन गेली तर थंडीत खायचं काय? गावाचं एक मत झालं, पण हिचं वेगळं आहे. ते आम्ही कसं सांगणार, म्हणून तिलाच घेऊन आलो.

स्वतःच्या विरुद्ध बोलणाऱ्या बाईला एसटीचं तिकीट काढून बरोबर आणणारं शिष्टमंडळ मी ना त्याआधी पाहिलं, ना त्यानंतर. आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये तर विरोधकाला मीटिंगची वेळसुद्धा कळवत नसत.

मला फार अवघड झालं. मी म्हटलं, "आबा, ते तळं खोटं होतं. पोरांच्या अभ्यासासाठी होतं ते."

"ठावका शे," आबा म्हणाले. "ह्या पोऱ्यानी सांगेल व्हतं."

"मग?"

"तुम्ही इचारं ना?"

आबांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला मला उत्तर देता येतं. विचारलं म्हणजे सांगायला हवं, एवढं साधं ते होतं, आणि त्यासाठी माणसं रात्रभर स्टँडवर बसून आली होती. मला रडू आलं नाही, राग आला. तो कोणाचा ते ठरवता येईना, म्हणून तो मी पुढे बरेच दिवस प्राचार्यांवर काढला. डाळमिलवाल्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये नेऊन खाऊ घातलं आणि शिरपूरच्या गाडीत बसवून दिलं. त्या पोरांबद्दल माझं मत त्या दिवशी जरा बदललं.

त्यानंतरच्या दिवाळीला खरं तळं आलं. म्हणजे तळ्याची फाईल आली. मला ते कळलं ते असं की एका सकाळी भूसंपादनाचे एक साहेब माझा पत्ता शोधत स्टाफरूममध्ये आले. पन्नाशीचे, सभ्य, दमलेले. खुर्चीत बसताना त्यांनी दोन्ही गुडघे हातांनी धरले.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या गावात तुम्ही काय शिकवून ठेवलंय?"

मी म्हटलं, काय झालं?

"काय झालं? जीपमधून उतरलो तर म्हणाले, खाली बसा. का? तर म्हणे विचारणारा उभ्याने विचारत नाही. बसलो. माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलंय, पण बसलो. मग म्हणाले, रेघ मारा. मी म्हटलं, अहो नकाशा आहे. म्हणाले, नकाशा ओलांडून बघता येत नाही. फक्की कुठून आणू त्या डोंगरात? शिपायाला शिरपूरला पिटाळला. मग म्हणे, आधी बायका. अहो, अर्धा दिवस कोणी बोलेना, आणि पुरुष बोलायला लागला की एक म्हातारी हात वर करून त्याला गप्प करते! आणि एवढं करून शेवटी काय, तर होळीनंतर या, माणसं उसाला गेलीत. मी विचारलं, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय? तर तुमचा एक गॉगलवाला विद्यार्थी म्हणाला, धुळ्याला कॉलेजात विचारा."

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "आता सांगा. कलम कोणतं?"

इथे मला सांगायला हवं की कलमांच्या बाबतीत माझी ख्याती वाईट होती. चुकीचं कलम लिहिलं म्हणून मी मुलं नापास केली होती. एका नापास मुलाच्या काकांनी माझी बदली करायचा प्रयत्न केला होता आणि कॉलेजला दुसरी शाखाच नाही हे कळल्यावर सोडून दिला होता. तर अशा मला हे साहेब कलम विचारत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे हरभऱ्यात उभा असलेला तो बाप येत होता, रेघेच्या आत, मग बाहेर, मग पुन्हा आत.

"जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी, असं कलम आहे," मी म्हणाले.

"ते मलाही ठाऊक आहे. कशी करावी?"

"ते नियमांत येणार आहे."

"मग नियम?"

"अजून झालेले नाहीत."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे खाली बसणं, रेघ, बायका, होळी, हे कशातच नाही."

"तसं म्हणता येणार नाही," मी म्हणाले. "हे नियमांच्या विरुद्ध आहे असं कोणी म्हणू शकत नाही. कारण नियमच नाहीत."

 मी त्यांना चहा मागवला. चहा येईपर्यंत ते विचार करत होते. भला माणूस होता, पण नोकरीतला होता. उद्या कोणी कोर्टात गेलं आणि सल्लामसलत नीट केली नाही म्हणालं तर त्यावर सही कोणाची, एवढं त्यांना नक्की कळत होतं.

"वर विचारू का?" ते म्हणाले.

"अवश्य विचारा," मी म्हणाले. "लेखी विचारा."

आम्ही दोघांनी चहा संपवला. लेखी विचारल्यावर काय होतं हे खानदेशात शाळकरी मुलालाही माहीत असतं, साहेबांनी तर त्यातच हयात घालवली होती. उठताना ते म्हणाले, "होळीनंतर म्हणजे नक्की कधी?" आणि गुडघे धरून उभे राहिले.

ते खरोखरच होळीनंतर गेले. बरोबर स्वतःची सतरंजी घेऊन गेले असं मला नंतर कळलं. गावाने नाही सांगितलं, म्हातारीने हो सांगितलं. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं आणि फाईल वर पाठवली. सोबत शंका जोडली: सल्लामसलतीच्या वेळी अधिकाऱ्याने जमिनीवर बसणे बंधनकारक आहे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

तरीही मला चैन नव्हतं. कायदा काय म्हणतो ते मी वर्गात घसा फोडून सांगत होते ना: विचारा. एवढंच. उत्तर माना असं त्यात कुठेही नाही. साहेबांनी विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, आता तळं बांधायला कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती त्या एका शंकेची, आणि तिला उत्तर द्यायचं तर आधी कोणीतरी नियम करायला हवे होते. सरकारात नकार फार दिवस टिकत नाही. 'मार्गदर्शन मागवले आहे' हा शेरा मात्र टिकतो. त्या वाक्यावर काही घरांची थंडी अवलंबून होती, आणि मी कायद्याची प्राध्यापिका असून राज्याचे नियम इतक्यात होऊ नयेत अशी मनोमन इच्छा करत होते.

पुढच्या थंडीत कलेक्टर भेटायला आले. आता तो शिरपूरच्या कोर्टात एका वकिलाच्या हाताखाली होता. काळा कोट, काळा गॉगल, काखेत ओल्या फडक्यात बांधलेली एक पेंडी. खुर्चीत बसला आणि म्हणाला, फाईल अजून वरच आहे.

मी खूश होते, आणि खूश असले की मला बोधामृत पाजायची खोड आहे. "बघितलंस?" मी म्हणाले. "पोरांची तालीम म्हणून केलं आपण. पण तुमच्या गावाच्या कसं कामाला आलं!"

त्याने गॉगल काढला. न सांगता काढलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"मॅडम, तालीम पोरांची नव्हती," तो म्हणाला. "गावाची होती. दगड रोवला तेव्हापासून माहीत होतं की कधीतरी कोणीतरी जीप घेऊन येणार, घड्याळ बघणार आणि 'काही म्हणायचंय?' म्हणणार. तेव्हा आमचे लोक गप्प बसले असते. त्यांना कोणी कधी विचारलेलंच नव्हतं. म्हटलं, एकदा कोणीतरी नीट विचारू दे. सवय होईल."

 मग एक गोष्ट डोक्यात आली. "आणि ते तू उभं राहून घड्याळ बघत होतास, बापासमोर?"

"तुम्ही ओरडणार हे माहीत होतं."

"आणि आबा परीक्षेच्या तोंडावर इथे आले ते?"

"त्यांचं तेच आले. मी फक्त पत्ता सांगितला."

आता माझा पारा चढला. म्हणजे मी खाटेवरून खाली उतरले, आधी बायका म्हणून हट्ट धरला, साहेबांना चहा पाजला, आणि हे सगळं या गॉगलवाल्याने ठरवून ठेवलेलं! "मला आधी विचारायचं नाहीस?" मी म्हणाले. "सल्लामसलतीचा विषय शिकवते मी. मलाच न विचारता?"

 "विचारणार होतो, मॅडम. पण तुम्ही आधी कलम विचारलं असतं."

 त्याने टेबलावर फडकं सोडलं. आत हरभऱ्याचा टहाळ होता, हिरवागार, मुळांना अजून माती चिकटलेली.

"घ्या," तो म्हणाला. "वडिलांनी दिलाय. बुडीत क्षेत्रातला आहे."

मी एक घाटा सोलून दाणा तोंडात टाकला. मग त्याने एक सोलला. प्राचार्य आत आले, त्यांनी टरफलांनी भरलेलं टेबल बघितलं, आणि कोणालाही न विचारता एक डहाळी उचलून खायला लागले.